चौथी भाकर

वाचता वाचता इदिबाल एका वाक्याशी आला आणि अरिशतच्या हातातली टोपली कलंडली. जवाच्या सात-आठ भाकरी गवतातून घरंगळत गेल्या; एक तर थेट नुंदिनाच्या थडग्याच्या शिळेला जाऊन टेकली. “बघा गं, नुंदिनानं आपली आपण घेतली!” बोनोसा म्हणाली आणि भोवतालच्या बायका हसल्या. बोनोसा अरिशतच्याच गल्लीतली, रंगाऱ्याची बायको. हात कोपरापर्यंत जांभळे आणि तोंडाला विसावा म्हणून नाही. तीच खाली वाकली, भाकरी झग्याला पुसून पुसून टोपलीत टाकू लागली. अरिशत मात्र उभी होती तशीच उभी राहिली. आज नुंदिनाचा स्वर्गातला जन्मदिवस, म्हणजे ती मेली तो दिवस. कार्थेजच्या तटाबाहेर, समुद्राकडच्या या कबरस्तानात दर वसंतात ख्रिस्ती मंडळी जमायची, शिळेला पाडलेल्या भोकातून आत द्राक्षरस ओतायची, आणि मग तिथेच बसून खीर, जैतुनं, भाकरी असं जेवायची. भाकरी अरिशतच्या भट्टीतल्या. बारा वर्षं त्या तिच्याच असायच्या आणि त्याबद्दल कुणी तिला एक पैसा देऊ केला नव्हता की तिने मागितला नव्हता. ‘अरिशतचा हात सैल,’ असं लोक म्हणायचे. आजवर या दिवशी नुसतं नाव वाचलं जायचं: नुंदिना, दिवे करणाऱ्या बोस्तार कुंभाराची मुलगी, तुरुंगात अन्नावाचून गेली. यंदा मंडळीचा सेवक इदिबाल याने तिचं सगळं चरित्र आणि तिचे चमत्कार लिहून आणले होते. तो तिच्याबरोबर त्याच कोठडीत होता. त्याच्याइतका हक्क आणखी कुणाला? पुढच्या खेपेच्या छळात त्याला खाणीत धाडलं, तिथे त्याचा एक डोळा गेला. तेव्हापासून तो गुंडाळी उजवीकडे तिरकी धरून वाचायचा. आणि त्याने वाचलं होतं ते असं: “तीन दिवस देवदूताने तिला ऊन भाकर आणून दिली, आणि तिने ती तुमच्या या सेवकाबरोबर वाटून खाल्ली. चौथ्या दिवशी देवदूत आला नाही. कारण तिचे ताट आता स्वर्गात वाढलेले होते.”

पुढचं अरिशतने ऐकलं आणि ऐकलं नाही. तेल नसलेला दिवा तुरुंगात रात्रभर जळत राहिला. तुरुंगरक्षकाच्या मानेवरची गाठ नुंदिनाने नुसता हात ठेवताच बसली. (ती गाठ बंदरावरच्या न्हाव्याने फोडली होती, हे अर्ध्या शहराला ठाऊक होतं, पण न्हाव्याच्या हातात तरी कोण होतं, असं कुणी म्हटलं तर त्याला उत्तर नाही.) शिळेवरच्या मातीने एका म्हातारीला दिसायला लागलं. चमत्कारांवर अरिशतचा विश्वास नव्हता असं मुळीच नाही. तिची लेक सहा वर्षांची असताना तापाने फणफणली, तेव्हा तीच इथे धावत आली होती, चिमूटभर माती नेऊन तिने पोरीच्या कपाळाला लावली होती, आणि पहाटे पोर घामाने भिजून ‘आई, पाणी’ म्हणाली होती. ती पोर आता उतिकेला सासरी नांदते आहे. ते खोटं कसं म्हणायचं? नुंदिना देते, मागेल त्याला देते, हे अरिशत स्वतः अनुभवून बसली होती. म्हणून तर तिला नुंदिनाच्या शिळेकडे सरळ बघवत नसे. ज्याला आपण उपाशी ठेवलं त्याच्याच दारी पुन्हा मागायला जायचं, आणि त्याने पुन्हा द्यावं, याच्यासारखी दुसरी शिक्षा नाही. “अगं, खा की दोन घास,” बोनोसा म्हणाली. “का भट्टीच्या वासानंच पोट भरतं तुझं?” हा बोनोसाचा ठरलेला विनोद होता. अरिशतही ठरल्यासारखं हसली आणि तिने खिरीत बोट बुडवून तोंडाला लावलं. चव कळली. भूक नव्हती. भूक तिला गेली बारा वर्षं लागलीच नव्हती. सूर्य डोक्यावर आला की ती जेवायची, मावळला की जेवायची, जनावराला वैरण टाकावी तसं.

घरी जाताना ती मुद्दाम बायकांच्या घोळक्यातून मागे राहिली. बिर्सा टेकडी समोर दिसत होती आणि टेकडीवरच्या देवळाचं छप्पर उन्हात चमकत होतं. त्या रस्त्याने जायचं ती टाळायची, पण नजर कुठे टाळता येते! बारा वर्षांपूर्वी त्या सकाळी सगळं शहर त्या चढावर रांगेत उभं होतं. नव्या बादशहाचा हुकूम होता: घराघरांतून सगळ्यांनी यायचं, देवांपुढे धूप टाकायचा, नैवेद्याचं मांस जिभेला लावायचं आणि सहीशिक्क्याचा दाखला घेऊन घरी जायचं. नवरा हान्नो तेव्हा माल घेऊन बाहेरगावी गेला होता. त्याने आपलं तिकडेच उरकलं. तिला त्याने निरोप धाडला होता, ‘चिमूटभर तर टाकायचा. पिठात मीठ टाकतेस तसं.’ रांगेत आपल्यातले कितीतरी होते, पण जो तो मान खाली घालून, जणू कुणी कुणाला ओळखतच नाही. फक्त नुंदिना मान वर करून उभी होती, अरिशतच्या अगदी पाठीमागे, तिच्या मानेवर नुंदिनाचा श्वास लागत होता. दोघी एका गल्लीत वाढलेल्या. एकीच्या बापाची दिव्यांची भट्टी, दुसरीच्या बापाची भाकरीची; लहानपणी दोन्ही भट्ट्यांच्या मधल्या भिंतीला पाठ लावून बसायच्या, हिवाळ्यात ती भिंत दोन्हीकडून ऊन असायची. दोघींनी एकाच वर्षी पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेतला होता. नुंदिनाला गाता येत नसे आणि गायची हौस मोठी. स्तोत्र सुरू झालं की अरिशत तिला कोपराने ढोसायची. रांगेत नुंदिना हळूच म्हणाली होती, “भीती वाटत्ये का गं?” अरिशत म्हणाली, “तुला?” “पोटात गोळा आलाय,” नुंदिना म्हणाली. “सकाळपासून काही खाल्लं नाही ना.” आणि ती हसली. तेवढ्यात अरिशतची पाळी आली. तिने धूप उचलला, अंगठा आणि पहिलं बोट, अगदी मिठाच्या चिमटीसारखा. तो निखाऱ्यावर पडला तेव्हा चर्र झालं. कारकुनाने नाव विचारलं, तिने सांगितलं. मग तिच्या पाठीमागून ‘नाही’ असं ऐकू आलं. मोठ्याने नाही; बाजारात भाव पटला नाही तर म्हणावं तसं, साधंसं. अरिशतने मागे वळून पाहिलं नाही. दाखला हातात घेऊन ती दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांनी खाली उतरली.

या सगळ्याचं एक वेळ काही करता आलं असतं. वादळ ओसरल्यावर धूप टाकणारे शेकड्यांनी परत आले, मंडळीपुढे रडले, कुणी दोन वर्षं कुणी तीन वर्षं दाराशी गोणपाट नेसून बसले, आणि परत आत घेतले गेले. आज त्यांतले काही तर पुढच्या ओळीत उभे राहून दुसऱ्यांना शहाणपण शिकवतात. अरिशतही बसली असती. पण दाराशी बसणाऱ्याला एवढंच विचारत: धूप टाकलास का? मांस खाल्लंस का? तिच्याजवळ होतं ते या प्रश्नांत बसत नव्हतं. अर्धं उत्तर देऊन पूर्ण क्षमा घ्यायची, हे तिला जमेना. आणि पूर्ण उत्तर कुणी विचारलं नाही. त्या दिवसांत ती मावशीच्या गावी होती असा हान्नोने समज पसरवून दिला, तो तसाच राहिला. हान्नोही आता नाही. समजाला मात्र मरण नाही.

कोठडीतल्यांना अन्नपाणी बंद, असा हुकूम निघाला तेव्हा ती भट्टीसमोर बसून होती. बोस्तार कुंभार भिंतीपलीकडे ओक्साबोक्शी रडत होता. तिने पीठ मळायला घेतलं. विचार करून घेतलं असंही नाही. हात चालू लागले. भाकर भाजली, फडक्यात गुंडाळून झग्याखाली पोटाशी धरली, आणि ती तुरुंगाच्या मागल्या दाराशी गेली. मानेवर गाठ असलेल्या त्या रक्षकाला आंबट दारूची बाटली दिली, म्हणाली, “माझी बहीण आहे आत. समजूत घालते तिची.” तो म्हणाला, “तूही त्यांच्यातलीच दिसतेस.” तिने दाखला दाखवला. शिक्का पाहून तो बाजूला झाला. त्याच चिमटीने दार उघडलं, ही गोष्ट ती बारा वर्षं उलटीसुलटी करून पाहत होती, भाकर उलथावी तशी, आणि ती कुठल्याच बाजूने नीट भाजलेली दिसत नव्हती. धूप टाकला नसता तर भाकर आत गेली नसती. धूप टाकला नसता तर तीही आतच असती. आत काळोख होता, माणसांचा कुबट वास होता. नुंदिनाने फडकं सोडलं, भाकर नाकाशी धरली आणि म्हणाली, “करपलीय गं बुडाला.” एवढंच. धुपाबद्दल अवाक्षर नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “पुन्हा करपली. हान्नोला वीट बसवायला सांग.” तिसऱ्या दिवशी तिला फारसं बोलवत नव्हतं, तिने अरिशतचा हात धरला, त्या दोन बोटांवरून आपला अंगठा फिरवला, आणि म्हणाली, “उद्या जमेल तर ये.” जमेल तर.

चौथ्या दिवशी भाकर भाजली होती. फडक्यात गुंडाळली होती. मासळीबाजाराच्या कोपऱ्यावरून तिला तुरुंगाचं दार दिसलं आणि दाराशी गाठवाला नव्हता. दुसराच कुणी होता, तरणा, आणि तो येणाऱ्या बाईचं फडकं सोडून पाहत होता. बस, एवढंच पाहिलं तिने. त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. ती वळली. पळाली नाही, चालतच होती, आणि चालता चालता तिला कधी नव्हती अशी भूक लागली. तिने फडक्यात हात घातला, एक तुकडा मोडला. मग दुसरा. गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा फडकं रिकामं होतं आणि करपलेलं बूडसुद्धा तिने खाल्लं होतं. ती भाकर फार चांगली लागली होती. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं; स्वतःलासुद्धा शब्दांत नाही. पाचव्या दिवशी ती अंथरुणातून उठली नाही. सहाव्या दिवशी बोस्तारला प्रेत न्यायला बोलावलं.

आणि आता हे असं. देवदूत! आणि देवदूत आला नाही तोही देवाच्याच योजनेने! घरी येऊन ती भट्टीवरच्या फळीखाली बसली. फळीवर मातीची बरणी होती. दर रविवारी मंडळीत भाकरीचा पवित्र तुकडा तळहातावर मिळायचा. थोडा तिथे खायचा, उरलेला गळ्यातल्या डबीत घालून घरी न्यायचा आणि आठवडाभर सकाळी सकाळी त्यातला कण कण घ्यायचा, अशी सगळ्यांची रीत. तिने बारा वर्षांत एकही तुकडा तोंडात घातला नव्हता. हात तोंडाशी न्यायची, ओठ हलवायची, मूठ मिटायची. धूप टाकून तो लपवणाऱ्यांच्या जिभेवर तो तुकडा निखारा होतो, असं बायका सांगत. पहिल्या रविवारी घरी येऊन तिने भीत भीत डबी उघडली, तेव्हा आत काहीच झालं नव्हतं. तुकडा जसाच्या तसा. जाळ निघाला असता तर बरं झालं असतं, निदान कुणीतरी बघतंय हे कळलं असतं. तो तिने बरणीत टाकला. भट्टीच्या धगीने त्याला बुरशी आली नाही, खडखडीत वाळला. मग दुसरा, मग तिसरा. फेकता येत नाही, पाखरांना घालता येत नाही, खाता येत नाही. पहिली बरणी भरली तेव्हा तिने दुसरी, मोठी आणली आणि सगळे तुकडे तिच्यात ओतले. आता तीही गळ्यापर्यंत आली होती.

सकाळी भट्टी न पेटवताच ती बरणी काखेत मारून इदिबालकडे गेली. मंडळी जमायची त्या घराच्या मागच्या अंगणात तो अंजिराखाली बसला होता आणि विधवांच्या जेवणासाठी लसूण सोलत होता. खाणीत बेड्या वागवलेले त्याचे पाय, त्यांवरचे वण, लोक वाकून चुंबत. तो लाजून पाय आखडून घ्यायचा.

“ये गं अरिशत. काल टोपली सांडलीस म्हणे. बरं नाही का?”

“भाऊ, एक विचारायचं होतं. ती देवदूताची भाकर तुम्ही पाहिली होती?”

“पाहिली म्हणजे? खाल्ली. लिहिलंय की मी.”

“बुडाला करपलेली होती?”

इदिबालच्या हातातली लसणाची पाकळी हातातच राहिली. त्याने एका डोळ्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

“एका अंगाला,” तो म्हणाला.

“तिन्ही दिवस त्याच अंगाला. माझ्या भट्टीची डावीकडची वीट खचली होती. हान्नो आज बसवतो, उद्या बसवतो करत होता.”

कुंपणापलीकडे कुणीतरी गाढवाला शिव्या घालत होतं. इदिबालने सोललेला लसूण एका बाजूला सारला, सालं दुसऱ्या बाजूला केली, मग दोन्ही पुन्हा एकत्र केले.

“मी तेव्हा कोपऱ्यात तापात पडलेलो. दाराशी कुणी बाई येते, एवढं कळायचं. तोंड दिसलं नाही. नुंदिनानं मला शपथ घातली, कुणी विचारलं तर देवदूत म्हणायचं. नाव सांगितलं नाही तिनं. शेवटपर्यंत नाही.” मग एकदम त्याच्या लक्षात आलं. “पण आत कशी आलीस तू? आपल्यातल्या कुणाला सोडत नव्हते ते.”

“दाखला दाखवून.”

तो बसल्या जागी थोडासा मागे सरकला. कदाचित ऊन आलं म्हणूनही असेल. अरिशतला ते दिसलं आणि आश्चर्य म्हणजे बरं वाटलं. तिच्यापासून कुणी मागे सरकलं, असं इतक्या वर्षांत झालं नव्हतं.

“चौथ्या दिवशी,” ती म्हणाली, “तिचं काय झालं?”

“कशाला विचारतेस?”

“तुम्ही ताटाचं लिहिलंत म्हणून.”

“दाराकडे तोंड करून बसली होती,” इदिबाल म्हणाला. “म्हणाली, आज उशीर झाला बिचारीला. दिवसभर बसली. पाय वाजला की मान वर करायची.”

“रागावली होती?”

“रागावत्ये कुठली! ‘तिला कुणी पकडलं तर नसेल ना हो?’ हेच. मला विचारायची, भिंतीला विचारायची. पाचव्या दिवशीही तेच. मग बोलणंच थांबलं. तोंड मात्र दाराकडेच होतं, तसंच उचललं तिला.” त्याने डोळा पुसला, लसणाचा हात लागून तो आणखीच झोंबला. “ते मला लिहिता येईना, अरिशत. लोक ऐकायला येतात, लहान पोरं असतात. मी लिहिलं, ताट वाढलं होतं. झोप आली मला त्या दिवशी, बऱ्याच वर्षांनी.”

अरिशत रडली नाही. तिला वाटलं होतं की हे ऐकलं तर आपण मोडून पडू. पण ती सरळ बसली होती आणि तिचे हात मांडीवर होते.

“पकडलं नव्हतं मला,” ती म्हणाली. “भाकर भाजली होती मी. मासळीबाजारापर्यंत आले होते. नवा शिपाई दिसला म्हणून परत फिरले.”

“भ्यालीस. भीती कुणाला वाटत नाही?”

“ती भाकर मी खाल्ली.”

“काय?”

“चालता चालता खाल्ली. सगळी. घरी पोचायच्या आत.”

अंजिराचं पान तरंगत येऊन लसणात पडलं, ते त्याने काढलं नाही. तो आता हळूहळू, शब्द चाचपत बोलू लागला, पायरी न दिसणाऱ्या माणसासारखा.

“तिसऱ्या दिवशी तिनं अर्धी मोडून मला दिली. मी माझी संपवली आणि तिच्याकडे बघत राहिलो. मागितली नाही. नुसता बघत राहिलो. तिनं तिच्यातली आणखी दिली. मी नको म्हटलं नाही. तिच्या हातात राहिली ती एवढीशी, करपलेली.” त्याने बोटांची चिमूट करून दाखवली. “मी जगलो. आणि लोक माझे पाय चुंबतात.”

अरिशतने बरणी पुढे सरकवली, झाकण काढलं. इदिबालने आत डोकावून पाहिलं, एक तुकडा उचलून उन्हात धरला, आणि त्याला कळलं.

“एकही नाही?”

“एकही नाही.”

“बाई गं,” तो एवढंच म्हणाला.

“ते देवदूत खोडा, भाऊ. लिहा, भट्टीवाली अरिशत. लिहा, धूप टाकून आली होती. आणि चौथ्या दिवशी काय झालं तेही लिहा.”

“इथं वाचायच्या आधीच तीन गावांनी नकला नेल्यात. मागच्या महिन्यात एक बाई आली होती, नवऱ्यानं टाकलेली. म्हणाली, आमच्या गावी देवदूताची भाकर ऐकली आणि विहिरीच्या काठावरून परत फिरले. तिला काय सांगू? की भट्टीवाली होती आणि चौथ्या दिवशी आली नाही?” त्याचा आवाज चढला. “आणि तू दाराशी बसलीस तरी लोक काय म्हणतील ठाऊक आहे? किती नम्र बाई, दुसऱ्यांची पापं डोक्यावर घेते! ते तुला बसू देणार नाहीत. धुपाची शिक्षा ठरलेली आहे. भाकरीची कुठे ठरलीय?”

“पापिणीला कधी ना कधी माफ करतात, भाऊ,” अरिशत म्हणाली. “देवदूताला कोण माफ करणार?”

त्याने पाण्याचा लोटा ओढला, हातातला वाळका तुकडा त्यात बुडवला, भिजेपर्यंत वाट पाहिली आणि तोंडात टाकला. दात नसलेल्या बाजूने तो कितीतरी वेळ चघळत राहिला.

“बरणी ठेव इथं,” तो म्हणाला. “रोज एक खाईन. जा आता तू.”

त्याने हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. आठवडाभर तिने भाकरी भाजल्या. गल्लीत सगळं नेहमीसारखं होतं. बोनोसा रोज येऊन टोपलीच्या किश्श्यात भर घालून जायची. त्या घरंगळलेल्या भाकरीचा तुकडा खाऊन म्हणे कुणाचंसं डोकं दुखायचं थांबलं. बाराव्या वर्षी सुरू झालेली ही नवी गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत वाढत चालली आहे, हे अरिशत बघत होती. पुढच्या वसंतात इदिबाल हेही वाचेल काय? फळीवर बरणीच्या जागी गोल डाग राहिला होता. ती येता जाता तिकडे बघायची. इदिबालने कुणाला सांगितलं असेल का, हे कळायला मार्ग नव्हता. आणि त्याने न सांगता पुढेही तसंच चालू दिलं तर? रविवार येईल, तो तुकडा हातावर ठेवील, ती मूठ मिटेल, आणि नवी बरणी आणावी लागेल. मरेपर्यंत. या विचाराने ती शुक्रवारी भट्टीसमोरून उठून बाहेर गेली, आणि तिच्या हातून पहिल्यांदाच आख्खा घाणा करपला.

रविवारी उजाडता उजाडता मंडळी जमली. दाराशी, उंबऱ्याबाहेर, गोणपाटातले तिघे बसले होते: दोन म्हातारे आणि एक खलाशाची बायको. आत जाणाऱ्यांच्या झग्याची टोकं धरून ते ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ असं पुटपुटत होते. खलाशाच्या बायकोने अरिशतचाही झगा धरला. अरिशत क्षणभर थांबली आणि आत जाऊन आपल्या नेहमीच्या जागी, बोनोसाशेजारी, उभी राहिली. स्तोत्र झालं. प्रार्थना झाली. मग इदिबाल भाकरीचं तबक घेऊन ओळीतून येऊ लागला. तळहातावर तळहात, वर उजवा, खाली डावा. प्रत्येक हातावर एक तुकडा, प्रत्येकाला तेच दोन शब्द, ‘ख्रिस्ताचं शरीर.’ त्याचे पाय ओढत चालल्याचा आवाज येत होता. पाच जणी राहिल्या, तीन जणी राहिल्या. अरिशतने हात पुढे केला. बारा वर्षं करत आली तसाच केला.

इदिबाल तिच्यासमोर थांबला. त्याने तबकातला तुकडा उचलला होता. त्याचा तो एक डोळा तिच्या चेहऱ्यावर नव्हता, तिच्या हातावर होता. त्याचे ओठ हलले. ते दोन शब्द नव्हते, दुसरंच काही होतं, तिला ऐकू आलं नाही. मग त्याने हातातला तुकडा तबकात परत ठेवला आणि तो पुढे गेला.

बोनोसाने आपला तुकडा घेतला, तोंडाशी नेला, आणि मग तिच्या लक्षात आलं. “अहो भाऊ!” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “हिची राहिली! अरिशतची राहिली!”

इदिबाल वळला नाही. तो पुढच्या हातावर तुकडा ठेवत होता, त्याच्या पुढच्या हातावर ठेवत होता. एकेक डोकं अरिशतकडे वळलं. कुजबुज सुरू झाली, मग तीही थांबली. “काय गं झालं? काय केलंस तू?” बोनोसा म्हणाली, आवाजात प्रेम होतं आणि ती एक पाऊल बाजूला सरकली होती. अरिशतने आपल्या तळहाताकडे पाहिलं. त्यावर काहीच नव्हतं. पिठाने भरलेल्या रेषा तेवढ्या होत्या. तिने हात मिटला नाही. तसाच उघडा ठेवून ती ओळीतून बाहेर पडली, लोकांनी वाट दिली, आणि उंबरा ओलांडून ती त्या तिघांपाशी जाऊन खाली बसली. खलाशाच्या बायकोने काही न विचारता आपलं गोणपाट थोडं तिच्या गुडघ्यांवर सरकवलं.

ऊन वर येत होतं. रस्त्याच्या पलीकडे कुणाच्या तरी चुलीवर भाकर भाजत होती, एका अंगाने जरा जास्तच. तो वास आला आणि अरिशतच्या पोटात काहीतरी पिळवटलं, इतकं की तिने दोन्ही हात पोटावर दाबून धरले. काय होतंय ते ओळखायला तिला वेळ लागला. मग ती रडू लागली. तिला भूक लागली होती.